नवनाथचा लांब रुमाल

"शुक्रवारी टीम लीड मीच!" नवनाथने मंगळवारीच चैतालीला सांगून टाकलं. "पेढ्यांचं बघून ठेव."

"अहो, आणि ती पेठची ज्योत्स्ना?"

"तिचा ड्रायव्हर जागचा हलणार नाही!"

नवनाथच्या अंबडच्या कंपनीत टोमॅटो निवडायचं यंत्र तयार होत होतं. ड्रायव्हर म्हणजे इथे खाकी कपड्यातला माणूस नव्हे, यंत्राच्या एकेका भागाला कामाला लावणारा प्रोग्राम. वजनकाट्याचा ड्रायव्हर नवनाथचा, कॅमेऱ्याचा ज्योत्स्नाचा. त्याला तिथे अकरा वर्षं झालेली, तिला अकरा महिने. तरी त्यांचे साहेब किशोरसर काट्याकडे बघून म्हणत, "चालतंय," आणि कॅमेऱ्याकडे बघून, "वा!" तो "वा" नवनाथच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतला होता. नवनाथ शाकाहारी असूनही!

आता, कर्नेल म्हणजे संगणकाच्या आतला कंडक्टर. ड्रायव्हरने आल्याआल्या त्याला सांगायचं, 'या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंतची जागा माझी.' मागून त्याच जागेवर येणाऱ्याला एकच उत्तर: भरलेली आहे! द्वारकेच्या थांब्यावर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात ज्याची उमर गेली, त्याला हे कोण शिकवणार? नवनाथने रुमाल जरा लांबवला. काट्याच्या जागेबरोबर शेजारची कॅमेऱ्याचीही जागा मागून टाकली.

शुक्रवारी शेतकरी कंपनीच्या अध्यक्ष झुंबरबाई यंत्र बघायला आल्या. नवनाथने चपळाईने आपला ड्रायव्हर आधी सुरू केला. मग ज्योत्स्नाने तिचा. कॅमेरा ढिम्म!

"नवीन मुलं आहेत सर, होतं असं," नवनाथ मोठ्या मनाने म्हणाला.

आणि वीज गेली. मिनिटभरात आलीही. यंत्र आपोआप नव्याने सुरू झालं, आणि अशा वेळी ते ड्रायव्हरांना शाळेच्या हजेरीसारखं अक्षरक्रमाने उठवतं. ड्रायव्हरला लिहिणाऱ्याचंच नाव द्यायची पद्धत नवनाथनेच पाडलेली, आपलं नाव यंत्रात अमर व्हावं म्हणून. ज आधी, न नंतर!

ज्योत्स्नाचा ड्रायव्हर आपल्या जागेवर बसला. मागून नवनाथचा आला आणि दोन्ही जागा मागू लागला. कंडक्टर म्हणाला, त्यातली एक भरलेली आहे, तेव्हा तुला काहीच नाही. चल, उतर खाली!

झुंबरबाईंनी काट्यावर टोमॅटोचं क्रेट ठेवलं. शून्य.

"भाऊ, वीस किलोचं क्रेट हाय हे! तुमचा काटा तर आमच्या आडत्याच्याबी वरताण निघाला!"

ज्योत्स्नाने स्क्रीनवरची नोंद वाचली. "नवनाथसर, तुमच्या ड्रायव्हरने माझीपण जागा मागितलीये. चुकून आकडा वाढला असेल." तिने एक आकडा बदलला. काट्याने वीस किलो दाखवले.

"वा!" किशोरसर म्हणाले. तेही दोनदा!

टीम लीड कोण, हे जेवणाआधीच जाहीर झालं. कॅन्टीन गच्च भरलेलं. झुंबरबाईंशेजारी ज्योत्स्ना, आणि तिच्या पलीकडच्या खुर्चीवर तिचा रुमाल.

"सर, इकडे या! तुमच्यासाठी जागा धरलीये."

नवनाथ बसला. रुमाल नीट घडी करून त्याने परत दिला. रुमाल एका खुर्चीपुरताच होता.

तेवढ्यात चैतालीचा फोन आला. "अहो, पेढे आणलेत बरं का! ज्योत्स्नालाही आठवणीने द्या हं. बिचारीला वाईट वाटत असेल."