मुठ्यातलं फेडरल कोर्ट

मुठा गावात कोंबडी चोरीला गेली, तरी भिकूतात्या आधी एकच विचारायचे, "कोंबडीवाला कुटल्या गावचा आन् चोर कुटल्या गावचा?" दोघं एकाच गावची असली तर, "हे स्टेट कोर्टाचं काम. पोलीस पाटलाकडं जा." गावं वेगळी निघाली की तात्या फेटा सावरून पारावर ताठ बसायचे. "आता फेडरल! अमेरिकेत दोन राज्यांची मानसं भांडली की केंद्राचं कोर्ट बसतं."

हसू नका. मी गावचा शाळामास्तर, पण अमेरिकेची कोर्टं मला या सातवी शिकलेल्या शेतकऱ्याने समजावली. धाकट्या भावाशी, सोपानशी, बांधावरून त्यांची केस पुण्याला चालली होती. एका तारखेला रद्दीवाल्याकडून त्यांनी अमेरिकेच्या कोर्टांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. वाचायचो मी, पाठ व्हायचं त्यांना.

"खाली जिल्हा कोर्ट, तितं एक जज्ज. वर अपिलाचं सर्किट कोर्ट, तितं तिघं. आन् पार वर सुप्रीम कोर्ट, तितं नऊ! एकदा नेमला की तहहयात, मास्तर. राष्ट्राध्यक्षाच्या इरुद्ध निकाल दिला तरी त्याचा पगार कापता येत न्हाई!" तलाठी दिसला तरी आम्ही पारावरून उठून उभे राहायचो, त्यामुळे हे ऐकताना अंगावर काटाच यायचा. खरं सांगतो, माझ्यासुद्धा.

तारखेला दोघे भाऊ एकाच एसटीने जायचे. कोर्टाबाहेर एकाच फडक्यातली भाकरी खायची आणि आत जाऊन एकमेकांना खोटं पाडायचं! येताना सोपान विचारायचा, "दादा, त्या नऊ जनांचं आपसात पटतं व्हय?"

"कुटलं पटतंय! पर ज्याचं पटत न्हाई, त्याचं मत बी छापत्यात," तात्या अभिमानाने सांगायचे.

शेवटी निकाल लागला. तात्या जिंकले. सोपान बायकापोरं घेऊन ताम्हिणीला सासरवाडीला गेला, तो परत आलाच नाही.

महिन्याभराने तात्या पुस्तक घेऊन माझ्या ओट्यावर आले. "मास्तर, नीट बघा. जिंकलेल्याला अपील करता येतं का?"

मी पानं चाळली. "नाही हो तात्या. ज्याच्या विरुद्ध निकाल गेला, त्यानेच करायचं."

"आपल्याकडं?"

"आपल्याकडेही तेच."

तात्यांनी पुस्तक मिटलं. इतका मोठा माणूस एकाएकी केवढासा दिसायला लागला! मला राहवेना. "अहो, नुसतं 'घरी ये' म्हणून लिहू का त्याला?"

"तसा यायचा न्हाई त्यो. माझाच भाऊ हाय." मग त्यांनी माझ्यापुढे पोस्टकार्ड सरकवलं. "लिवा. सोपाना, अपील कर. वकील मी बघतो. या बारीला तू जिंक."