गव्हासाठी उत्तरेकडची खोली

धान्याचा साठा हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं लक्षण आहे. माणसांची सोय हे दुसरं. पण पहिल्याचंच काम इतकं वाढलेलं आहे, की दुसऱ्याकडे वळायला अजून कोणाला सवड झालेली नाही.

सिडकोत राहणारा सोमनाथ हे सत्य चांगलं ओळखून होता, कारण तो पेशानं गोदाम निरीक्षक होता. बावीस वर्षं दर सोमवारी कुठल्या ना कुठल्या गोदामात जाऊन तो ‘ओलावा’ या रकान्यात ‘योग्य’ असं लिहीत आला होता. (ओलावा मोजायचं यंत्र खात्यानं दिलेलं आहे. ते कपाटात आहे. कपाटाची किल्ली निवृत्त झालेल्या साहेबांकडे आहे.) त्याचं अक्षर सुंदर असल्यामुळे त्याच्या एकाही नोंदीवर आजवर आक्षेप आलेला नव्हता.

फेब्रुवारीत त्याच्या बायकोनं, तनुजानं, घरच्या घरी अख्ख्या गव्हाचा ब्रेड करायचा पाच दिवसांचा ऑनलाइन वर्ग केला. तिसऱ्या दिवशी मैद्याविषयी जे काही सांगण्यात आलं ते ऐकून, ज्या पावावर दोघांचं कॉलेज पार पडलं होतं, तो पाव घरातून हद्दपार झाला. चौथ्या दिवशी असं कळलं, की दळून ठेवलेलं पीठ मेलेलं असतं. तेव्हा पीठ नको, गहूच हवा. गहू हवा तर गावरान बन्सीच हवा. आणि बन्सी घ्यायचाच तर पाच-दहा किलो घेणं म्हणजे पोरखेळ, असं सोमनाथनं खात्याचा माणूस या नात्यानं सांगितलं. गावाकडच्या चुलतभावाला, कडूबाला, सहा क्विंटलचा निरोप गेला.

आठवड्याला एक ब्रेड, ब्रेडला अर्धा किलो गहू, म्हणजे हा साठा तेवीस वर्षं पुरणार होता. त्यानंतर सोमनाथ चौऱ्याहत्तर वर्षांचा असेल आणि त्याच्या दातांचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घेतला जाईल.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो दारात उभा राहिला. पन्नास-पन्नास किलोचे बारा कट्टे उतरवून कडूबानं घाम पुसला.

“दादा, मळणीच्या वक्ताला अवकाळीनं झोडपलंय. चार दिस ऊन दाखवा, मंगच भरा.”

“आम्ही बघतो,” सोमनाथ म्हणाला. सरकारी भाषेत याचा जो अर्थ होतो, तोच इथंही होता.

आता प्रश्न जागेचा. सोमनाथनं घराची रीतसर पाहणी केली. स्वयंपाकघर वाफेमुळे बाद. हॉल पाहुण्यांमुळे बाद. मोठी बेडरूम पश्चिमेच्या उन्हामुळे बाद (शिवाय तिथं निरीक्षक स्वतः राहतात). उरली उत्तरेकडची खोली. थंड, कोरडी, अंधारी, धूळ नाही, वर्दळ नाही. सद्य वापर: आई.

द्वारकाबाईंना, म्हणजे सोमनाथच्या आईला, मोतीबिंदूसाठी गावाहून आणलं होतं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आठ दिवसांपूर्वी झालेलं, डाव्याचं जूनमध्ये व्हायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलेली जागाही थंड, अंधारी, धूळ नाही आणि वर्दळ नाही अशीच होती. एका खोलीसाठी दोन अर्ज आले, म्हणा ना.

सोमनाथनं निकाल निःपक्षपातीपणे दिला. गहू मुका असतो, त्याची बाजू आपणच मांडली पाहिजे. आईला तोंड आहे, ती तक्रार करू शकते. ती करत नाही, हा तिचा स्वभाव झाला. संध्याकाळी द्वारकाबाई काळा चष्मा लावून हॉलमधल्या दिवाणावर आल्या आणि गहू पत्र्याच्या टाक्यांत, हवा शोषणाऱ्या पुड्यांसह, उत्तरेकडे रुजू झाला.

“सोमा, ऊन दिलं का रं गव्हाला?” त्यांनी दिवाणावरून विचारलं. “दाताखाली दाना फोडून बघ. कट्ट वाजला पायजे.”

“आई, आता ती पद्धत राहिली नाही,” सोमनाथ म्हणाला आणि त्यानं टाक्यांवर चिकटवलेल्या कागदांवर ‘ओलावा: योग्य’ असं सुंदर अक्षरात लिहिलं.

ब्रेड झाला. पहिला फुगला नाही. दुसरा फुगला नाही. तिसरा बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून कामी आला. पण पौष्टिकतेचा आणि फुगण्याचा काही संबंध नसतो (वर्गाचा पाचवा दिवस), आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटोला एक्केचाळीस अंगठे आले. फोटोत मागं काळ्या चष्म्यातली आई येत होती. तिला कापल्यावर फोटो छान चौकोनी झाला.

मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला. गव्हाला पंचवीसच्या आसपास बरं वाटतं, असं तनुजानं वाचलेलं असल्यामुळे उत्तरेच्या खोलीत एसी बसवण्यात आला. दार घट्ट बंद ठेवायचं असा नियम झाला. हॉलमध्ये पंखा होताच. कपाळावरचा घाम पापणीवर उतरायचा आणि द्वारकाबाई तो पदरानं टिपायच्या. पदरानं डोळा टिपू नका असं तनुजा त्यांना दिवसातून चार वेळा बजावायची. तिनं त्यांच्यासाठी एवढी काळजी घेतली, हे नमूद केलं पाहिजे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

“लाली आलीय. जंतू गेलेत. घरात एसीची खोली आहे का?”

“आहे,” सोमनाथ म्हणाला.

“मग यांना तिथं ठेवा.”

“तिथं गहू आहे.”

डॉक्टरांनी चिठ्ठीचं पॅड पुढं ओढलं. मग त्यांनी थेंब लिहून दिले, दोन तासांनी एकेक, आणि डावा डोळा ठरल्या तारखेला करू या, असं म्हणाले. सोमनाथला फार वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. त्यानं त्याच दिवशी आईला दुपारी दोन ते चार गव्हाच्या खोलीत बसायची परवानगी दिली.

दोन वाजता द्वारकाबाई आत गेल्या आणि सव्वादोनला बाहेर आल्या. हात पुढं केला तर तळव्यावर सोंडकिडे चालत होते. टाकीतला गहू ओला, कोमट आणि उग्र वासाचा झाला होता. एका लाल डोळ्याला जे दिसलं, ते बावीस वर्षांच्या अनुभवाला दिसलं नव्हतं.

“गव्हाला ऊन लागतं, डोळ्याला सावली,” त्या म्हणाल्या. “तू दोन्हीचं उलटं केलं बघ.” मग शांतपणे म्हणाल्या, “कडूबाला बोलीव. मला गावी जायचंय.”

कडूबा टेम्पो घेऊन आला. टाक्यांतून पुन्हा भरलेले बारा कट्टे मागं चढले, द्वारकाबाई पुढं बसल्या. मोठ्या आईला काय झालं, हे त्यानं विचारलं नाही. कट्ट्याला हात लावला तेव्हाच त्याला बरंच कळलं असावं.

जूनमध्ये सोमनाथ आईला डाव्या डोळ्यासाठी आणायला गेला. “मला एकावर भागतंय,” त्या म्हणाल्या. तो दोन तास समजावत बसला, हातापाया पडला. त्या आल्या नाहीत. उजवा डोळा हळूहळू बरा झाला. डावा जसा होता तसा राहिला आणि पुढं त्यानं दिसेनासं झालं. त्या दिवशी परतताना सोमनाथ ढसाढसा रडला (धुळीमुळे, असं त्यानं तनुजाला सांगितलं). उत्तरेकडच्या खोलीत आता नाचणी आहे.

ही हकीगत आजवर जिथं जिथं सांगितली, तिथं ऐकणाऱ्यांनी हळहळून झाल्यावर पहिला प्रश्न एकच विचारला: असा बन्सी गहू मिळतो कुठं? तुम्हीही विचाराल, म्हणून सांगून ठेवतो. जळगाव रोडनं निघायचं, सिल्लोडच्या अलीकडे डाव्या हाताला वळायचं आणि कडूबाचं घर विचारायचं. दाणे चार दिवस उन्हात वाळवलेले असतात, दाताखाली कट्ट वाजतात. ओट्यावर एका डोळ्याची म्हातारी बसलेली असते. गहू तीच मापून देते. मापताना ती विचारते, एवढा ठेवणार कुठं? सगळी गिऱ्हाईकं सांगतात, एक खोली रिकामी आहे. मग ती मान वर करून विचारते, “आधी कुनाची व्हती?”

एवढ्याचं उत्तर घरून ठरवून निघावं.