परत घे!

पोतनीस मावशींच्या लॅबमध्ये 'खून' या शब्दाला बंदी होती. आता मला सांगा, लॅब रक्ताची, गाव दिल्ली, समोरचा पेशंट हिंदी बोलणारा, मग दुसरं म्हणायचं तरी काय? पण कोणी चुकून "खून निकालना है" म्हणालं की मावशी गरजायच्या, "खून करायला बसलोय का आपण इथे? रक्त म्हणा, रक्त!"

बरं, यांचं स्वतःचं हिंदी असं की ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा. एकदा हरियाणाच्या एका म्हाताऱ्या ताऊंना रिपोर्ट देताना म्हणाल्या, "ताऊजी, आपकी लाल पेशी कम है." हिंदीत पेशी म्हणजे कोर्टातली तारीख! ताऊ घाबरून उभेच राहिले. "पेशी? म्हारा केस तो कद का निबट गया जी!" मी धावत जाऊन सांगितलं, "ताऊजी, बस खून की कमी है." ताऊंचा जीव भांड्यात पडला. आणि बोलणी कोणी खाल्ली? मी! खून म्हटलं म्हणून!

आमचं आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर, वरच्या मजल्यावर मावशी, एकट्याच. मी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करत होते आणि प्रॅक्टिकलला आले ती नेमकी यांच्याच हाताखाली. आई खूश. म्हणे, घरचंच माणूस आहे! कसलं घरचं माणूस? जिन्यात भेटल्या की "मंजू, जेवलीस का गं?" आणि लॅबच्या दारातून आत पाऊल टाकलं की जशी काही ओळखच नाही.

परीक्षेला बसायचं तर मी घेतलेले रक्ताचे दहा नमुने मावशींनी मंजूर करून माझ्या वहीत सही करायला हवी होती. दीड महिना उरला होता आणि सह्या होत्या चार. नळी हातात घ्यायच्या, उजेडात धरायच्या, आणि म्हणायच्या, "परत घे." दुसरा शब्दच नाही बाईंच्या तोंडी! नळी जरा जोरात हलवली, तर "सरबत ढवळतेस का? पेशी फुटतात. हळूच उलटी कर, सुलटी कर, आठदा. परत घे." पेशंटचं नाव पलंगापाशी न लिहिता टेबलाशी येऊन लिहिलं, परत घे. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटापेक्षा जास्त राहिला, परत घे. मिनिट मोजायला माझ्या पाठीमागे मनगटावरचं घड्याळ घेऊन स्वतः उभ्या! अशाने कोणाचा हात थरथरणार नाही? माझा तर बिलकुल स्थिर राहत नसे. शीर सापडेपर्यंत मला घाम फुटायचा आणि तोवर सिरिंजमध्येच रक्त गोठायला लागायचं.

एक दिवस तर हद्दच झाली. करोल बागेच्या एका ताईंची शीर काही केल्या सापडेना. कशीबशी सापडली, नळी भरली, हळूच आठदा उलटीसुलटी केली, पलंगापाशीच नाव लिहिलं. मावशींनी ती नळी तिरपी केली, एक काडी आत फिरवली आणि काडीला लागलेली बारीकशी गुठळी माझ्या नाकासमोर धरली. "परत घे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मावशी, माझं वर्ष फुकट घालवायचं ठरवलंय का तुम्ही? एवढीशी तर गुठळी!"

"एवढ्याशा गुठळीत प्लेटलेट अडकतात. मशीन म्हणणार, प्लेटलेट कमी आहेत. त्या बाईला उगाच भरती करतील, तिची पोरं घरी रडत बसतील. आणि इथे मी मावशी नाही. परत घे."

खरं होतं ते. म्हणून तर जास्तच राग आला! घरी येऊन मी आईसमोर भोकाड पसरलं. मावशींनी ते वर ऐकलं असणार, कारण थोड्या वेळाने खाली आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "रविवारी दहाला वर ये. उपाशी येऊ नकोस."

गेले, तणतणतच. लोकांच्या जेवणाच्या टेबलावर मिक्सर असतो, यांच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि त्याला भरतकामाचं कव्हर! शेजारी नव्या सिरिंजा, नळ्या, स्पिरिटचा बोळा. मावशींनी बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे ठेवला. "घे. माझ्या हातावर शीक. मी ओरडणार नाही."

चार रविवार मी त्या हातावर शिकले. दोनदा काळानिळा केला, तरी बाई हूं की चूं करेनात. उलट बोलत राहायच्या, माझा हात थरथरू नये म्हणून असेल. कोणत्या पेशी कशा दिसतात, काचेवर रक्ताचा थेंब जिभेच्या आकारात कसा पसरायचा. एकदा मध्येच म्हणाल्या, "रविवारी आमच्याकडे बेल वाजली की मी दचकतेच. पेपरवाल्याशिवाय येतंय कोण?" मी नुसतं हूं केलं. माझं सगळं लक्ष सुईकडे होतं.

माझा हात स्थिर झाला. लॅबमध्ये एकामागून एक सह्या झाल्या, पाचव्या रविवारच्या आत दहा पुऱ्या. त्या रविवारी शेवटची नळी भरून मी ऐटीत म्हटलं, "झालं मावशी! आता तुमच्या हाताला सुट्टी. पुढच्या रविवारपासून मी झोपणार बाई दहापर्यंत."

मावशींनी नळी उचलली, खिडकीशी नेली, बराच वेळ धरली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "गुठळी आहे. पुढच्या रविवारी परत घे."

माझा पारा चढला. आता काय राहिलं होतं? मी त्यांच्या हातातून नळी जवळजवळ ओढूनच घेतली, तिरपी केली, काडी फिरवली. रक्त या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरळीत वाहत होतं. काडीला नुसतं रक्त लागलं. गुठळी नव्हतीच.

मी वर पाहिलं. मावशी सूक्ष्मदर्शकाचं कव्हर उगाचच सारखं करत होत्या.

"हो मावशी," मी म्हटलं, "मोठीच आहे की गुठळी. येते रविवारी."