दोन पत्त्यांची बचत

ऑफिसात त्याला सगळे काटकसरे म्हणत. आडनाव नव्हे, स्वभाव! कंपनीचं नेटवर्क सांभाळणाऱ्या या माणसाला एकच गोष्ट सलत होती. ऑफिस आणि दूरचं गोदाम यांना जोडणाऱ्या तारेला टोकं दोनच, तरी तिच्यासाठी चार आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर यंत्रं ओळखायचे नंबर, अडकलेले. दोन वापरात, दोन नुसते पडून.

"दोन टोकांना दोन पत्ते पुरतात," त्याने साहेबांना ऐकवलं. "पाच मिनिटांचं काम! तीनला निघतोच."

निघायलाच हवं होतं. पाच वाजता लेकीची पोहण्याची शर्यत होती. आधीच्या दोन चुकवल्या होत्या, आणि या वेळी त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता.

जागेवरून न उठता तो त्याच तारेवरून गोदामातल्या राउटरमध्ये शिरला. जुना पत्ता खोडला. आता नवा लिहायचा, तर स्क्रीन ढिम्म! ज्या पत्त्यावरून आत शिरला होता, तोच पठ्ठ्याने पुसून टाकला होता. एरवी तारेच्या दोन्ही टोकांचे राउटर दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक मारून आपण जागे असल्याचं कळवत. आता इकडचा हाका मारत बसला आणि तिकडून उत्तर येईना. गोदामाचे फोनही त्याच तारेवर, तेही गप्प.

त्याला दरदरून घाम फुटला. तरी जीव थोडा भांड्यात पडला, कारण बदल सेव्ह केला नव्हता. राउटर बंद करून चालू केला की जुना पत्ता परत येणार. त्याने गोदामाच्या रखवालदाराला मोबाइलवर गाठलं आणि प्लग काढायला सांगितलं.

"राउटरच्या कपाटाला कुलूप आहे, साहेब."

"मग उघडा ना!"

"किल्ली तुमच्याकडे असते. मागे झाडूवाल्या मावशींनी प्लग काढला, तेव्हा तुम्हीच कुलूप लावून गेलात."

किल्ली खिशातच होती. मेन स्विच बंद करूनही उपयोग नव्हता, कारण कपाटात बॅटरीही यानेच बसवली होती, वीज गेली तरी राउटर चालू राहावा म्हणून. कधी नव्हे ते त्याचं एखादं काम इतकं चोख झालं होतं! गाडीने दोन तास जायला, दोन यायला. वाटेत पाच वाजले तेव्हा त्याला अक्षरशः रडू आलं.

घरी पोचला तेव्हा लेक पदक गळ्यात घालूनच जेवत होती. पहिली आली होती. लेकीने सगळी हकिगत नीट ऐकून घेतली.

"बाबा, मग पत्ते कमी पडत होते का?"

"नाही गं."

"किती शिल्लक होते?"

त्याने मान खाली घातली. "पासष्ट हजार."