ही डिस्क आपल्या भागात चालत नाही

"जपानमधी आता मले लहान लेकरू बी वळखते!"

देवराव गुरनुल्यानं पत्रूच्या पानठेल्यावर हे जाहीर केलं, तेव्हा त्याच्या हातात जाड पुठ्ठ्याचं एक पाकीट होतं. पाकिटावर कोणीतरी काडीनं कोंबडीचे पाय काढावेत तशी अक्षरं होती. आत चकचकीत डबी, डबीत डिस्क, आणि डबीवर एका अस्वलाचा फोटो. अस्वल आपल्याच जंगलातलं आहे, हे देवरावनं सांगितल्यावर सगळ्यांना पटलं.

झालं होतं असं. मागच्या उन्हाळ्यात, म्हणजे दोन हजार चार साली, ऐन मोहफुलांच्या दिवसांत, तीन जपानी माणसं नागपूरचा एक दुभाष्या घेऊन सिंदेवाहीकडच्या या जंगलात आली होती. अस्वलांवर फिल्म करायची म्हणाली. वाट दाखवायला गावातून देवराव गेला. चार दिवस तो त्यांच्यापुढं असा चालला, की जंगल त्याच्याच सातबाऱ्यावर आहे असं कोणालाही वाटलं असतं! आणि आता ती फिल्म तयार होऊन घरपोच आली होती.

"रविवारी बारा वाजता लाईन आली का सारे माह्या घरी या! पिक्चर फुकट, चहा फुकट!" देवराव म्हणाला.

रविवारी अख्खं गाव ओसरीत घुसलं. देवरावच्या मोठ्या मुलानं, प्रफुलनं, दिवाळीत नागपूरहून डीव्हीडी प्लेअर आणून दिला होता. तो प्लेअर टीव्हीवर नवरदेवासारखा बसला होता. बारा वाजता लोडशेडिंग संपून लाईन आली. देवरावनं डिस्क आत ढकलली. मशीन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. पडदा निळा झाला आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली.

"दिव्यानी मॅडम, काय लिवलं हाय?" देवरावनं विचारलं.

दिव्यानी मॅडम शाळेत नवीन आलेल्या शिक्षिका. त्यांनी चष्मा सारखा केला. "लिहिलंय, ही डिस्क तुमच्या प्रदेशात चालणार नाही."

मग इतवारीनं घसा खाकरला. हा इतवारी देवरावचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी. यानं घसा खाकरला की समजावं, कोणाचं तरी काहीतरी जाणार!

"आपल्या प्रदेशात नाई चालत? अस्वल आपलं, मोहाचं झाड आपलं, माणूस आपला, अन पाहाची बंदी आपल्यालेच? काऊन?"

"मशीनच तसं हाय," देवराव म्हणाला.

"मशीन कसं तसं राहीन? परवा याच्यावरच वरातीची डिस्क पाह्यली ना आपण!" पत्रू म्हणाला. "देवरावभाऊ, त्या फारेनच्या लोकायले तुमी काय काय दाखवलं?"

"अस्वल दाखवलं!"

"चार दिवस? नुसतं अस्वल?"

आता ज्याच्या त्याच्या डोक्यात किडे वळवळायला लागले. पोचूची नाल्याकाठी मोहाची भट्टी होती, ती कॅमेऱ्यात आली की काय? बुधूनं घराला सागाच्या चौकटी बसवल्या होत्या, त्या कोणत्या झाडाच्या, हे फक्त त्याला आणि जंगलालाच माहीत होतं. इतवारीचा बांध दरवर्षी हातभर जंगलाकडं सरकत होता. कालपर्यंत ज्याला सगळे 'जपानवाले' म्हणत होते, त्या देवरावकडं आता गाव असं बघायला लागलं, जसं कोंबडी मुंगसाकडं बघते!

"देवरावभाऊनं जंगलखात्यासाठी मुखबिरी केली नसली पायजे, एवढंच आपलं म्हणणं," पोचू हळूच म्हणाला.

देवराव ताडकन उठला. "मुखबिरी? माह्यावर शक? उद्याच सिंदेवाहीले जातो, मुश्ताक मिस्त्रीले आणतो, अन साऱ्या गावासमोर लावतो! मंग पाहा!"

गाव चहा पिऊन गेलं. देवराव छाती काढून आत आला. त्याची बायको भागीरथा कपबशा विसळत होती. वर न बघता तिनं विचारलं, "जपानी आले तवा मी माहेरी होती ना? तुमी त्यायले आपल्या अस्वलाची गोठ सांगतली काय?"

आणि देवरावची छाती जागच्या जागी बसली!

कारण गोष्ट सांगितली होती. आणि कशी सांगितली होती, हेही त्याला आत्ताच आठवलं.

खरी गोष्ट अशी. बारा वर्षांपूर्वी उजाडताना दोघं मोह वेचायला गेले होते. झुडपातून अस्वल निघालं. देवराव दुसऱ्या श्वासाला झाडावर होता. अस्वल झाडावर चढतं, हे त्याला वर गेल्यावर आठवलं, मग तो मोठ्यानं रडायला लागला. अस्वल बिचारं खाली बसून मोहफुलं खात होतं, त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही! शेवटी भागीरथानं पत्र्याचा डबा दगडानं बडवत त्याला नाल्यापलीकडं हाकललं, आणि मग नवऱ्याला खाली उतरवलं. त्याला अर्धा तास लागला. "कोणाले सांगू नको," देवराव म्हणाला होता. बारा वर्षांत भागीरथाच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता. देवरावचा आवाज घरात फार चढला, तर ती फक्त जंगलाकडं तोंड करून बसायची. आवाज आपोआप उतरायचा.

आणि जपान्यांना देवरावनं काय सांगितलं होतं? की झाडावर बायको होती. आणि डबा त्यानं बडवला!

भागीरथानं हे ऐकलं असतं, तर बारा वर्षांचं मौन बारा मिनिटांत सुटलं असतं. म्हणजे फिल्म लागली तर घरात मेला, नाही लागली तर गावात मेला! रात्रभर देवराव कुशीवर कुशी बदलत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो सिंदेवाहीला मुश्ताकच्या दुकानात पोचला. मुश्ताक रेडिओपासून डिशपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस. डबी हातात घेताच त्याच्या लक्षात आलं.

"अरे भाऊ, हे तर सीधी गोष्ट हाय! कंपनीवाल्यायनं दुनियेचे तुकडे करून ठेवले. जपान दोन नंबर, आपण पाच नंबर. दोनची डिस्क पाचच्या मशीनमधी नाई चालत. रिमोटवरून एक नंबर मारला, का मशीन साऱ्या दुनियेसाठी फ्री! पाच मिन्टाचं काम!"

देवरावनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मिस्त्री, होते हे मले समजलं. पण तू गाववाल्यायले सांग, का होत नाई."

"काऊन?"

"ते डिस्क लोकायनं पाहू नये अशी हाय."

मुश्ताकचा हात थबकला. त्यानं एकवार डबीकडं पाहिलं, एकवार देवरावच्या पांढऱ्या मिशांकडं. "जपानी हाय?"

"हो."

"अन बायकोनं बी पाहू नये?"

"तिनं तं बिलकुलच नाई!"

मुश्ताकनं डबी काउंटरवर अशी ठेवली, जशी ती चुलीतून काढली होती. मागच्या खोलीत त्याची आई शहजादीबी सुपारी कातरत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून तो कुजबुजला, "देवरावभाऊ, तुमची इज्जत करतो मी. या वयात?"

"अरे, अस्वलाचं हाय बापा त्याच्यात!"

"अस्वलाचं?" मुश्ताक दोन पावलं मागं सरला. "तौबा! तुमी जा भाऊ. मी तुमच्या घरी येत नाई, अन कोणाले सांगत बी नाई."

अपमान गिळून देवराव परत आला, पण मनात म्हणाला, काम तर झालं! पानठेल्यावर त्यानं चेहरा पाडून सांगितलं, "मिस्त्री येत नाई म्हणते."

"येत नाई का होत नाई?" इतवारीनं विचारलं.

"दोन्ही!"

"काय म्हणला नेमकं?"

"म्हणला, घ्या आपली डिस्क, अन जा."

ठेल्यावर कोणाच्या तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा हलेना. मिस्त्रीसारखा मिस्त्री घाबरला! म्हणजे डिस्कमध्ये नक्की काहीतरी भयंकर आहे! पोचूनं त्याच दुपारी भट्टीचं सामान हलवलं. बुधूनं सागाच्या चौकटींना शेण फासलं. इतवारीनं मात्र लुना काढली, ती थेट सिंदेवाहीला नेली. तिथं त्यानं मुश्ताकला सांगितलं, की फिल्म जंगलातल्या अस्वलांची आहे आणि दिव्यानी मॅडमसुद्धा बघायला बसल्या होत्या. मुश्ताकनं कपाळावर हात मारला. भल्या माणसावर आपण काय नाही तो संशय घेतला! त्याच पावली तो लुनावर मागं बसला.

लुनाची फटफट देवरावनं लांबूनच ओळखली. मुश्ताक त्यावर मागं बसला होता. मुश्ताकनं काय सांगितलं होतं? रिमोटवरून नंबर मारायचा. म्हणजे रिमोट नसला तर? देवरावनं रिमोट उचलला आणि धान साठवायच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून खुपसला.

पाच मिनिटांत ओसरी परत भरली. मुश्ताकनं आल्याआल्या देवरावचे दोन्ही हात धरले. "माफ करा भाऊ. मी गलत समजलो."

"काय समजला होता?" भागीरथानं विचारलं.

"काई नाई बाई, काई नाई! रिमोट द्या."

रिमोट टीव्हीवर नव्हता. खाटेखाली नव्हता. सगळं गाव शोधायला लागलं. पत्रू तर चुलीत बघून आला!

"दुसऱ्या रिमोटनं नाई होत?" इतवारीनं विचारलं.

"नाई. याचाच ओरिजनल पायजे."

"मंग राहू द्या," देवराव घाईनं म्हणाला. "नशिबात नसलं तं काय करता!"

भागीरथा मात्र नवऱ्याकडं बघत होती. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत धानाची धूळ लागली होती. ती उठली, ढोलीशी गेली, हात घातला आणि रिमोट काढून मुश्ताकच्या हातात दिला.

"ढोलीत कसा गेला वो?" पत्रूनं विचारलं.

"उंदरानं नेला असन," देवराव म्हणाला.

"रिमोट?" इतवारी म्हणाला. "उंदराले कोणता चॅनल पाहाचा होता?"

मुश्ताकनं प्लेअरचा कप्पा बाहेर काढला आणि रिमोटवर भराभर आकडे दाबले. पडद्यावर कोणी कधी न पाहिलेलं एक पान उघडलं. तिथं पाचचा आकडा होता. मुश्ताकनं बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. पाचाचं शून्य झालं.

"आता हे मशीन कोणत्याच देशाचं नाई," तो म्हणाला, "अन साऱ्या देशायचं हाय!"

डिस्क आत गेली. या वेळी पडद्यावर जंगल उगवलं! आपलंच जंगल, आपलाच नाला. पोचूनं डोळे मिटून घेतले, पण नाल्यावर फक्त एक अस्वलीण पाठीवर पिल्लं घेऊन पाणी पीत होती. बुधूच्या चौकटी नाहीत, इतवारीचा बांध नाही. एकेकाचा जीव भांड्यात पडायला लागला. मुखबिरीचा शक हवेत विरला. आणि मग पडद्यावर मोहाच्या झाडाखाली, धुतलेल्या धोतरात, खांद्यावर दुपट्टा टाकून देवराव उभा राहिला!

ओसरीत टाळ्या पडल्या. देवराव मात्र खांबाला पाठ लावून बसला होता. पडद्यावरच्या देवरावनं तोंड उघडलं... आणि त्यातून एका बाईचा गोड, किनरा जपानी आवाज निघाला!

"अरे बाप! देवरावभाऊच्या तोंडून बाई बोलते!"

जपान्यांनी त्याचं बोलणं काढून आपल्या भाषेत भरलं होतं. एक अक्षर कोणाला कळेना! देवरावच्या अंगात जीव आला. तो पुढं सरकून बसला, मिशीवरून हात फिरवला.

"काय बोलताय भाऊ तुम्ही?" दिव्यानी मॅडमनी विचारलं.

"हेच आपलं. जंगल वाचवा, अस्वलायले त्रास देऊ नका..."

पण दुभाष्या त्या वेळी जरा मंद होता, आणि म्हणून देवरावनं सगळी गोष्ट करूनही दाखवली होती. हे तो पार विसरला होता. पडद्यावरच्या देवरावनं खांद्यावरचा दुपट्टा काढला, पदरासारखा डोक्यावर घेतला, कपाळावर बोटानं कुंकू लावल्यासारखं केलं आणि सरसर झाडावर चढला. फांदीला मिठी मारली. पाय लटलट कापवले. डोळे पांढरे केले, हुंदके दिले, छाती बडवली. मग उडी मारून खाली आला, दुपट्टा कमरेला बांधला, मिशीला पीळ दिला आणि हवेतल्या अस्वलापुढं हवेतला डबा असा बडवला, की बघणाऱ्याला ऐकू यावा!

जपानी यायची गरजच उरली नाही.

"म्हंजे," इतवारी सावकाश म्हणाला, "भागीरथाबाई झाडावर रडून राह्यली होती, अन देवरावभाऊनं अस्वल हाकललं?"

सगळ्या माना भागीरथाकडं वळल्या. देवरावनं दाराकडं पाहिलं. दारात बायका दाटीनं बसल्या होत्या, मुंगीला वाट नव्हती. भागीरथानं पदर सारखा केला.

"मिस्त्रीभाऊ, जरा मांगं घ्या."

"कुठपर्यंत बाई?"

"झाडापर्यंत."

मुश्ताकनं मागं घेतलं. देवराव परत झाडावर चढला, परत फांदीला मिठी मारली, परत हुंदके दिले. भागीरथानं मन लावून पाहिलं. "अजून एक डाव," ती म्हणाली. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर ती उठली आणि चहाचं आधण ठेवायला निघाली.

"बाकी काई म्हणा," चुलीकडं जाताजाता ती म्हणाली, "ते डबा वाजवणं तं सोंग हाय, कोणाले बी कळते. पण झाडावरचं? फांदी कुठी धराची, पाय कसे कापतेत, हुंदका कवा येते... हे बापा पाहून नाई जमत कोणाले. त्याले सोताच वर बसा लागते!"

मग पहिल्यांदा पोचू फुटला. त्यानंतर ओसरीत कोण कोणाच्या अंगावर पडून हसत होतं, हे सांगता येणार नाही. दिव्यानी मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. इतवारीला ठसका लागला, त्याला पाणी द्यावं लागलं. "अजून एक डाव!" पत्रू ओरडला आणि मुश्ताकनं चौथ्यांदा मागं घेतलं.

चहा झाला, लोक उठले. प्रत्येकजण जाताना देवरावच्या पाठीवर थाप मारून गेला. शेवटी मुश्ताक एकटा उरला. देवराव हळूच त्याच्या शेजारी सरकला.

"मिस्त्री, हे परत पाच नंबरावर नेता येते काय गा?"

"येते ना भाऊ, एका मिन्टात," मुश्ताक म्हणाला. "पण तुमचं गाव तं आता शून्यावर पाहून बसलं!"