आक्कांच्या जाण्याला स्थगिती

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भालेरावसाहेब घरातला प्रत्येक निर्णय लेखी देतात. भाजी दुधीची की दोडक्याची, हेसुद्धा कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून फ्रिजला चिकटवतात. सोबत कारणं. 'दुधी काल झाला, दोडका उद्यापर्यंत टिकणार नाही, सबब दोडका.' हे मी स्वतः वाचलं आहे. त्या वेळी घरात राहणारा माणूस एकच होता.

साहेब निवृत्त जिल्हा न्यायाधीश. कुणी कौतुकानं 'न्यायमूर्ती' म्हटलं, तर त्याला जिन्यातच थांबवून सांगतात, "न्यायमूर्ती उच्च न्यायालयात असतात. रेकॉर्ड दुरुस्त करून घ्या." आधी संस्कृतात एम.ए., मग कायदा, आणि नोकरीत असतानाच जुन्या ग्रंथांतल्या साक्षीच्या नियमांवर पीएच.डी. वैजापूरला नवीन असताना त्यांनी एका निकालपत्रात समास वापरला. तो इतका लांब होता की दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असं वाटलं आणि दोघांनीही पेढे पाठवले. दोन्ही पुडे परत करावे लागले. हे ते स्वतःच सांगतात, त्यामुळे खरं असावं. तेव्हापासून निकालात समास बंद.

देवगाव रंगारीच्या बौद्ध कुटुंबातला मुलगा संस्कृतकडं कसा वळला, असं मी एकदा विचारलं. मी सरळच विचारतो.

"सोनवणेसाहेब," ते म्हणाले, "आपल्यावरच्या फिर्यादीची नक्कल आपल्याकडं असली पाहिजे. आणि ती मूळ भाषेत. शेकडो वर्षांची फिर्याद, भाषांतरावर कशी विसंबायची?"

यंदा होळीनंतर त्यांच्या थोरल्या बहीण, आक्का, गावाहून चार दिवसांसाठी आल्या. साहेबांची पत्नी जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि मुलगी परदेशात. आक्कांनी दुसरीतच शाळा सोडली आणि धाकट्या भावाला शिकवायला दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली. पहाटे भाऊ पाठांतर करायचा आणि त्या भाकरी थापायच्या, त्यामुळे 'वनम् वने वनानि' त्यांनाही पाठ आहे. शेळ्या हाकताना त्या तेच म्हणतात. "शेळ्यास्नी कळतं," असं त्यांचं मत आहे.

पाचव्या दिवशी आक्कांनी पिशवी भरली. साहेबांनी फ्रिजवर हुकूम लावला: 'ऊन तीव्र. सबब आक्कांच्या जाण्यास चार दिवस अंतरिम स्थगिती.' आक्कांना वाचता येत नाही. वाचून दाखवायला मला बोलावलं.

"म्हंजी काय, भाऊ?"

"आज जायचं नाही. ऊन आहे."

"अन् मी जन्मभर खुरपलं, ते काय चांदण्यात?"

पण राहिल्या. चार दिवसांनी दुसरा हुकूम, गुडघा दाखवायचा आहे. तिसरा: नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, तेव्हा घरात माणूस पाहिजे. एकदा तर 'एसटीच्या वेळापत्रकाची सत्यप्रत उपलब्ध नाही' एवढ्यावर भागवलं. पाटबंधारे खात्यात आकडे लिहिण्यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे हिशेब माझ्याकडं आहे. सात हुकूम, प्रत्येकी चार दिवस. मूळचे चार धरून बत्तीस.

बत्तिसाव्या दिवशी सकाळी आक्का आमच्या दारात उभ्या.

"भाऊ, माझी एक शेळी गाभण हाय. शेजारीण कवर बघंल? मला जायाचंय. पर त्याला असा टाकून जायाला पाय उचलंना. तो बोलत नाय, नुसते कागद लावतो. तुमी माझे वकील व्हा."

मी आक्कांसोबत गेलो. साहेबांच्या पुढ्यात आठवा हुकूम अर्धा लिहिलेला होता.

"माझी हरकत आहे," मी म्हणालो. "आक्कांनी थांबावं ही मागणी कुणाची?"

"माझी."

"आणि हुकूम कुणाचे?"

"माझेच."

"स्वतःच्या दाव्यात स्वतः निकाल देता येतो?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. अर्धा हुकूम घडी करून बाजूला ठेवला. जिंकल्याचं मलाच वाईट वाटायला लागलं.

"हरकत मंजूर," ते म्हणाले. "हा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता." उठले आणि फ्रिजवरचे सातही कागद एकेक करून काढले. कोपरे फाटू नयेत म्हणून नखानं चिकटपट्टी सोडवत होते. "प्रकरण दुसरीकडं वर्ग करावं लागेल. आक्का, तूच ऐक."

"मी?"

"दुसरं आहे कोण?"

त्यांनी आपली खुर्ची पुढं केली. आक्का तिच्यात बसल्या नाहीत. भावाला हाताला धरून दिवाणावर बसवलं आणि त्याच्या शेजारी टेकल्या.

"बरं. ऊन नको, गुडघा नको. एकच इचारते, बापू. घर खायला उठतं का रं?"

साहेबांनी नुसती मान हलवली.

"मान हालवल्याली कोर्टात चालत नाय म्हनं. तूच सांगतो की. तोंडानं बोल."

"व्हय," साहेब म्हणाले. अकरा वर्षांच्या शेजारात हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. "व्हय, आक्का. लई."

"मंग हे पयल्याच दिवशी सांगाया काय झालं व्हतं? तिकडं माझी शेळी वाट बघतीया, अन् हितं मी गुडघा दाखवत फिरतीया!"

बोलता बोलता त्या उठल्या. कपाटातले साहेबांचे दोन सदरे, धोतर नि चष्म्याची डबी काढून त्यांनी स्वतःच्याच पिशवीत कोंबली. साहेबांनी कोणतीही कारणं मागितली नाहीत. चपला घालून, घराची किल्ली माझ्या हातावर ठेवून ते मुकाट्यानं दाराशी उभे राहिले.

"आक्का," मी म्हणालो, "किती दिवसांसाठी नेताय?" मला आकडा लागतो.

आक्कांनी तोंड उघडायच्या आत साहेबांनी माझा हात दाबला.

"विचारू नका, सोनवणे," ते हळूच म्हणाले. "विचारलं, तर मुदत ठरेल."