राईतील गारंबी कोणाची, याचा कज्जा

श्री देवतांस व राखणदारांस नमन करोन, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरापासोन घाटाखालील एका राज्यात जे वर्तले ते लिहिले असे. राज्य म्हणजे बेचाळीस एकर जमीन. भातखाचरे, माळ, आणि मध्ये अकरा एकरांची जुनी राई, जीत जिवंत लाकडास हत्यार लावू नये असा सरकारचा हुकूम. वडीलकी सगुणाबाईसाहेबांकडे, उमर ब्याऐंशी, आणि हिस्सेदार दोघे पुतणे, थोरले सुभानजी व धाकटे रंगोजी. रंगोजींचे चित्ती आले की राईसुद्धा राज्याचे तीन तुकडे करावे आणि आपला तुकडा शहरच्या शेठांस बंगल्यांकरिता द्यावा. म्हणोन दिवाणीत दावा गुजरला. बाईसाहेबांनी निरोप धाडिला की शेते वाटा, राई एक राहू द्या. आणि रंगोजींनी उलट सांगविले की काकींस राईची एवढी ओढ, तर आपल्या तिसऱ्या हिश्श्यात मचाण बांधोन राहावे. हे ऐकोनही बाईसाहेबांनी ताट सारिले नाही, स्वस्थपणे जेवल्या, आणि मग काठी मागवून राईत फिरावयास निघाल्या.

दोन पावसाळे तारखांत गेले, आणि मग न्यायाधीशसाहेब स्वतः पाहणीस आले. मोजणीदारांनी नकाशावर दोन रेषा ओढिल्या, आणि त्या रेषांवर गारंबीची वेल आडवी आली, मांडीएवढी जाड, हातभर शेंगांची. तिचे मूळ सुभानजींकडे, धड बाईसाहेबांकडे, शेंडा रंगोजींकडे. कुंपण घालावयाचे तर वेलीस दोन जागी तोडणे प्राप्त. ते समयी बाईसाहेब पुढे जाहल्या आणि बोलिल्या, "साहेब, माझी हरकत नाही, वाटप करा. फक्त ही गारंबी कोणाची, ते लिहून घ्या."

"मूळ माझ्यात, तेव्हा वेल माझी," सुभानजी बोलिले.

"शेंगा माझ्याकडे लागतात, दादा. मुळाला कोण विचारतो?" रंगोजी बोलिले.

"भांडू नका रे," बाईसाहेब बोलिल्या. "ज्याची असेल त्याने सही करा, की ती वाळली तर सरकारला जाब मी देईन."

मग सुभानजींस आठवले की वेलीचा बहुत भाग काकींकडे आहे, आणि रंगोजी म्हणो लागले की शेंडा वाऱ्याने इकडे आला असावा. आणि मोजणीदार हसू लपवावयास चष्मा पुसू लागले. न्यायाधीशसाहेबांनी निवाडा केला की जी तोडल्यावाचून रेषा जात नाही, आणि जी तोडण्याचा जाब कोणी घेत नाही, ती वेल राईची. सबब राई अविभक्त राहील, शेते तेवढी वाटावी.

रंगोजी खाली मान घालोन उभे राहिले. बाईसाहेबांचे रस्त्यालगतचे खाचर सर्वांत कसदार, नवी सून होत्या तेव्हा पहिली लावणी तेथेच केलेली, तेच त्यांनी आपले हिश्श्यातून सोडिले आणि बोलिल्या, "हे घे. बंगला एकच बांध, आणि त्यात तू राहा."

"काकी, मग तुम्ही भात कुठे लावणार?"

"लावणी जन्मभर केली. आता शेजार हवा."

सारांश, शेते तिघांत वाटली, राई अखंड राहिली, राईकरिता आणिलेले हद्दीचे दगड गाडीत घालोन परत गेले, आणि चैत्रात दोघे बंधू काकींकरिता राईची पायवाट झाडू लागले. इतकेच घडले, ते बरे घडले.